शंभर ग्रॅम सरकी

रोहिण्या सरत आल्या की मानवत, सेलू, जिंतूरच्या कृषी सेवा केंद्रांपुढे मोटारसायकलींची रांग लागते. गिऱ्हाईक कंपनीचं नाव घेत नाही, नुसता आकडा सांगतं. ‘एकशे पंचावन्नच्या चार द्या’ म्हटलं की दुकानदार फळीवरून सरकीच्या चार थैल्या काढून समोर टाकतो. थैली ४७५ ग्रॅमची. २०२५ च्या हंगामात सरकारने तिची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवली होती. पुढच्या बाजूला बोंडांनी वाकलेली पऱ्हाटी, मागे बारीक अक्षरांत उगवणशक्ती, लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि कुठेतरी ठळक ‘बीजी-२’. एवढंसं हे नाव परभणीच्या काळ्या रानात पोचायला शंभरेक वर्षं आणि तीन खंड लागले.

सुरुवात कापसापासून झालीच नाही, रेशमापासून झाली. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता शिगेताने हे शास्त्रज्ञ रेशमाचे किडे का मरतात ते शोधत होते, तेव्हा त्यांना एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जिवाणू पिठातल्या अळीत दिसला. अळी थुरिंगिया प्रांतातली, म्हणून जिवाणूचं नाव पडलं ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, थोडक्यात बीटी. त्याची भुकटी शेतकरी अनेक दशकं फवारत आले. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो. त्यात या जिवाणूचं प्रथिन विरघळतं, आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. अळी काही तासांत खाणं सोडते आणि दोन-चार दिवसांत मरते. १९८७ साली बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या संशोधकांनी हे प्रथिन तयार करणारं जनुक तंबाखूच्या झाडात बसवून दाखवलं. आता फवारायची गरज उरली नव्हती, झाडच औषध तयार करणार होतं.

कापसात हे काम केलं अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मोन्सँटो कंपनीने. पण कापूस मोठं हट्टी पीक आहे. त्याच्या पेशीपासून पुन्हा अख्खं झाड उभं करणं फार थोड्या वाणांत जमतं. साउथ कॅरोलायनातल्या बियाणे कंपनीचं ‘कोकर ३१२’ हे जुनं वाण त्यातल्या त्यात ऐकणारं, म्हणून जनुक त्यात घातलं गेलं. १९९६ पासून अमेरिकेच्या शेतांत ‘बोलगार्ड’ कापूस उभा राहिला.

बहुराष्ट्रीय कंपन्यांचं संशोधन देशोदेशी जातं त्याच्या नेहमीच्या दोन तऱ्हा आहेत. एक, शोध घरी लावायचा आणि परदेशात त्याला तिथल्या गिऱ्हाइकाच्या मापाने कापायचं-शिवायचं. दुसरी, हुशार माणसं जिथे आहेत तिथे जाऊन प्रयोगशाळाच थाटायची. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला चिपच्या आरेखनाचं केंद्र काढलं, २००० साली जनरल इलेक्ट्रिकने तिथेच मोठं संशोधन केंद्र उभारलं, ही दुसरी तऱ्हा. चिपचं असो की मोटारीचं, आरेखन उपग्रहावरून रात्रीत इकडून तिकडे जातं. बियाण्याचं तसं नाही. कोकर ३१२ तिकडच्या हवेत वाढलेलं. मराठवाड्यातला पावसाचा खंड, तुडतुडे, काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. परदेशी जनुकाला इथली आई आणि इथला बाप लागतो, आणि ते ज्याच्याकडे आहेत त्याच्या दाराशी जावंच लागतं.

ते दार परभणीहून फार लांब नव्हतं. जालन्यात.

बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म हिंगोलीचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, ते वेगळं झालं १९९९ मध्ये. जालन्यात त्यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या सरकारी वाणाचं बियाणं करून विकायला सुरुवात केली आणि १९६४ साली ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स’ म्हणजे महिको स्थापन केली. त्याच साली देशातली पहिली संकरित ज्वारी ‘सीएसएच-१’ प्रसारित झाली. तिची मादी अमेरिकेतून आलेली. पण ती रॉकफेलर फाउंडेशन आणि सरकारी संशोधन संस्था यांच्या हातांतून आली, ज्याला बियाणं करता येईल त्याने करावं अशा बोलीने. तिच्यावर कुणाची पट्टी लागत नव्हती. मराठवाड्याच्या रानात सातासमुद्रापलीकडचं संशोधन बीटीच्या कितीतरी आधी पोचलं होतं, ते असं.

तीस वर्षांनी वाट बदलली. १९९५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने महिकोला बोलगार्ड जनुक असलेली कोकर ३१२ ची सरकी आणायला परवानगी दिली. किती, तर शंभर ग्रॅम. हाताच्या ओंजळीत मावेल, मोजली तर हजारेक बिया. पुढे देशातल्या ९० टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्रावर जे पसरलं त्याचं मूळ या ओंजळीत आहे.

जालन्याजवळ दावलवाडीला महिकोचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या कामात नवलाचं काही नव्हतं, होती ती चिकाटी. कोकरचा संकर आपल्या वाणाशी करायचा. पहिल्या पिढीत निम्मी कोकर, निम्मी आपली. तिचा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर केला की पाऊण आपली. असं पाच-सहा वेळा केलं की झाड ९८ टक्क्यांच्या वर इथलं होतं, कोकरची फक्त खूण उरते: ते एक जनुक. प्रत्येक फेरीला एक पीक जातं. सेंट लुईसचा कितीही घाईचा निरोप आला तरी पऱ्हाटीला फुलं यायची तेव्हाच येतात.

१९९८ साली मोन्सँटोने महिकोचे २६ टक्के भाग घेतले आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत नवी कंपनी काढली. त्याच वर्षी बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने चाचणीचे प्लॉट उपटून जाळले. २००१ मध्ये गुजरातेत ‘नवभारत १५१’ नावाच्या कापसावर अळीच दिसेना, तपासलं तर त्यात विनापरवाना बोलगार्ड जनुक निघालं. जनुक सरकारी शिक्क्याची वाट बघत बसलं नव्हतं. अखेर २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या मेक १२, मेक १६२ आणि मेक १८४ या तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली, महाराष्ट्रासह सहा राज्यांसाठी.

४५० ग्रॅमची पहिली थैली सुमारे १,६०० रुपयांना मिळायची. त्यातले हजाराहून जास्त रुपये निव्वळ जनुकाचे. गंमत म्हणजे या पहिल्या जनुकाचं पेटंट भारतात नव्हतंच. वसुली चालायची ती करारावर. चाळीसहून अधिक भारतीय कंपन्यांनी परवाना घेतला, प्रत्येकीने जनुक आपल्या संकरात घातलं आणि काही वर्षांत मंजूर वाणांचा आकडा हजाराच्या पुढे गेला. दोन जनुकांचं ‘बोलगार्ड-२’ आलं २००६ मध्ये. शोध एका ठिकाणी, रुजवण चाळीस ठिकाणी. कंपनीच्या नजरेने पाहिलं तर याहून स्वस्त प्रसार शोधून सापडणार नाही: शेकडो पैदासकार, हजारो विक्रेते, आणि पगारपत्रकावर त्यांतलं जवळजवळ कुणी नाही.

संकरित बियाणं तयार होतं ते मात्र बोटांनी. संध्याकाळी मजूर बायका मादीच्या ओळींतून फिरतात. उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने तिच्या पाकळ्यांसकट पुंकेसर अलगद सोलून काढायचे, मधली कुक्षी दुखवायची नाही, आणि खूण म्हणून कळीवर रंगीत कागदाची टोपी चढवायची. सकाळी नराच्या ओळीतलं ताजं फूल तोडून त्या कुक्षीवर फिरवायचं. एका कळीतून एक बोंड, एका बोंडात वीस-पंचवीस बिया. अब्जावधी डॉलरच्या संशोधनाची शेवटची पायरी ही अशी, वाकून केलेली, रोजाने मोजलेली.

देशाचं कापूस उत्पादन २००१-०२ मध्ये १५८ लाख गाठी होतं, ते २०१३-१४ मध्ये ३९८ लाखांवर गेलं. याचं श्रेय एकट्या बीटीला द्यायचं की नाही यावर शास्त्रज्ञांत अजून जुंपते. याच काळात गुजरातेत पाणी वाढलं, रसशोषक किडींवर नवी औषधं आली, खतं वाढली, क्षेत्रही वाढलं. पण एक गोष्ट जुना शेतकरी शपथेवर सांगेल. नव्वदच्या दशकात अमेरिकन बोंडअळीने जो उच्छाद मांडला होता, पाठीवर पंप घेऊन पुन्हापुन्हा फवारूनही ती हटत नव्हती, ती बीटीने हटवली. शेतकऱ्याने थैलीला पैसे मोजले ते त्यासाठी, जाहिरातीसाठी नव्हे.

या धामधुमीत परभणीचं विद्यापीठ कुठे होतं? कापसाच्या संशोधनात ते कुणाच्या मागे नव्हतं. मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ रोजी, पण परभणीच्या प्रक्षेत्रावर निजामाच्या काळापासून प्रयोग चालत आले होते. इथल्या महेबूब बाग केंद्रावर आजही देशी कापसाचं काम चालतं आणि ‘पीए २५५’सारखी लांब धाग्याची देशी वाणं तिथूनच आली. विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने ऐंशीच्या दशकात दिलेलं ‘एनएचएच ४४’ तर घराघरांत होतं. लोक त्याला नुसतं ‘नांदेड चव्वेचाळीस’ म्हणत. कोरडवाहूत टिकायचं, तुडतुड्यांना दाद द्यायचं नाही, पावसाने ताण दिला आणि पाते गळले तरी सरी आल्यावर पुन्हा पाते धरायचं.

फक्त त्याच्यात ते एक जनुक नव्हतं. दुकानात बीटी आणि बिगर बीटी शेजारी ठेवल्यावर चव्वेचाळीसला कोण विचारणार? सरकारी संशोधनाने स्वतःचा मार्ग काढून पाहिला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात आणि त्याच्यासोबत एनएचएच ४४ मध्ये बीटी आणलं. २००९ मध्ये बियाणं बाजारात आलं, स्वस्त, आणि नरम्याचं तर घरी राखून पुन्हा पेरता येईल असं. लवकरच त्यात मोन्सँटोचंच जनुक आढळलं. बियाणं मागे घ्यावं लागलं, चौकशीला डॉ. सोपोरी यांची समिती बसली. नांदेड चव्वेचाळीस बीजी-२ होऊन परत आलं ते पुढे, महाबीजच्या सोबतीने. तोवर शेतकऱ्यांची एक अख्खी पिढी खासगी आकड्यांवर वाढली होती. कंपनीच्या ताकदीपुढे सरकारी संस्था हरली असं म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. उत्तम वाण हाताशी असून जनुक मिळवण्यात आणि ते शुद्ध राखण्यात जी वर्षं गेली, ती कुठल्या परदेशी कंपनीने घालवली नव्हती.

वाट अमेरिकेचीच होती असंही नाही. २००६ मध्ये औरंगाबादच्या नाथ सीड्सने चिनी शास्त्रज्ञांनी तयार केलेलं बीटी जनुक आणलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका भारतीय कंपनीने आयआयटी खरगपूरचं जनुक घेतलं. दोन्हींना मंजुरी मिळाली. बाजारात मात्र बोलगार्डनेच मैदान मारलं.

आता सरहद्द ओलांडताना मागे काय राहिलं ते पाहू.

अमेरिकेत बीटी कापसासोबत बिगर बीटी कापसाचा पट्टा, ‘रेफ्युज’, राखणं बंधनकारक केलं गेलं. हेतू असा, की बीटीवर एखादी अळी टिकून राहिलीच तर तिच्या पतंगाला जोडीदार मिळावा तो साध्या कापसावर वाढलेला, म्हणजे पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल. आपल्याकडे त्यासाठी थैलीत १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. कडेने पाच ओळी लावा, असा नियम. पाच एकराच्या धन्याने अळीला जेवू घालायला मुद्दाम पाच ओळी लावायच्या हे कुणाला पटणार? पुडी बांधावर पडायची, नाहीतर नांग्या भरायला कामी यायची. मिसिसिपीच्या हजार एकरांसाठी लिहिलेला नियम इथल्या धुऱ्यावर टिकला नाही, आणि टिकेल असं समजणाऱ्यांनी इथला धुरा पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट संकराची. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांत आहे, बोंडातल्या प्रत्येक बीमध्ये जनुक असतं. भारतात ते संकरित वाणांत आलं. त्याचं कारण धंद्याचं आहे, कारण संकराचं बी राखून पेरता येत नाही आणि शेतकरी दरवर्षी दुकानात येतो. संकराच्या झाडाला मात्र जनुक एकाच पालकाकडून मिळालेलं असलं, तर त्याच्या बोंडातल्या बियांत त्याची वाटणी होते. दोन जनुकांचा हिशेब केला तर सोळातल्या नऊ बियांत दोन्ही, सहांत एकेकच आणि एका बीत काहीच नाही. आणि कापसाची दुसरी मोठी कीड, शेंदरी बोंडअळी, पान खात नाही, ती बीच खाते. अर्धवट विषाची थाळी रोज समोर आली तर पचवायला शिकणं तिला सोपं जातं.

तिसरी गोष्ट फरदडीची. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी हाताशी असलं की दोन-तीन वेचण्या झाल्यावरही पऱ्हाटी उपटायचा जीव होत नाही. डिसेंबरात एक पाणी, थोडा युरिया, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस निघत राहतो. शेंदरी अळीलाही तोवर घर आणि जेवण मिळत राहतं.

२०१० मध्ये मोन्सँटोनेच कबूल केलं की गुजरातेत शेंदरी अळी पहिल्या बोलगार्डला जुमानत नाही. पुढे बीजी-२ चंही तेच झालं. २०१७ च्या खरिपात परभणीसह मराठवाडा-विदर्भात ती कुठल्या थराला गेली होती ते आजही कुणी विसरलेलं नाही. पहिली खूण फुलात दिसते. अळी पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. नंतर ती बोंडात शिरते आणि तिच्यामागे भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवं, टणक, निरोगी. फोडलं की आत पिवळट डागाळलेली रुई, कुरतडलेली सरकी आणि दोन बिया एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये बसलेली गुलाबी अळी. वेचणीला आलेली बाई बोंड हातात घेते, कवडी निघते, तशीच टाकून देते. त्या हिवाळ्यात महाराष्ट्र कापूस बियाणे कायद्याखाली ‘जी-फॉर्म’ भरायला तालुक्याच्या कृषी कार्यालयांत रांगा लागल्या होत्या.

त्यानंतर वर्षही पुरतं गेलं नाही तोच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूसपट्ट्यातून हीच शेंदरी बोंडअळी समूळ नष्ट झाल्याचं जाहीर केलं. अळी तीच, जनुकही तेच. ॲरिझोनात त्याच्या जोडीला वर्षानुवर्षं रेफ्युज राखले गेले, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले गेले, पीक वेळेवर काढून रान मोकळं केलं गेलं, आणि हे सगळं शेतकऱ्यांच्या संघटनेने आणि सरकारने मिळून केलं. यातलं काहीही त्या शंभर ग्रॅमांसोबत आलं नव्हतं.

जालन्याकडून बाहेर गेलेलं संशोधनही आहे. बीटी वांग्याचं मूळ रोप महिकोने जालन्यातच तयार केलं. भारतात त्याच्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती आणली. तेच तंत्र कॉर्नेल विद्यापीठाच्या मध्यस्थीने बांगलादेशच्या सरकारी संशोधन संस्थेला मोफत दिलं गेलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथे मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये पहिल्या वीस शेतकऱ्यांनी रोपं लावली. वाणं तिकडची, जनुक सेंट लुईसचं, घडण मराठवाड्याची. इथल्या शेतात मात्र ते वांगं अजून यायचं आहे.

इकडे कापसाच्या बियाण्याचा बाजार थिजला. सरकारने थैलीच्या किमतीसोबत जनुकाची पट्टीही ठरवायला घेतली, ती उतरत उतरत २०२० मध्ये शून्यावर आली. मोन्सँटोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्ज २०१६ मध्येच मागे घेतला होता. २०१८ मध्ये ती कंपनी जर्मनीच्या बायरने विकत घेतली. अर्ज मागे गेला तरी तसला कापूस काही मागे गेला नाही. चोरवाटेने तो रानोमाळ झाला आणि १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला तो दिवसाढवळ्या लावून दाखवला. आज थैलीवर जे बीजी-२ लिहिलेलं असतं, ते २००६ चंच.

जुलै-ऑगस्टात पीक दीड महिन्याचं झालं की विद्यापीठाचा सल्ला गावोगाव जातो: एकरी दोन कामगंध सापळे लावा. पिवळट प्लास्टिकची नळकांडी पिशवी, वर झाकण, झाकणाखाली रबराची छोटी कुपी. कुपीला शेंदरी अळीच्या मादी पतंगाचा वास असतो आणि त्याला भुलून नर आत पडतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग निघाले तर फवारणीची वेळ झाली असं समजायचं. तो वास नेमका कशाचा हे १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शोधून छापून टाकलं. आज तो कुणीही बनवतो आणि कुपी काही रुपयांत मिळते. जिंतूरकडच्या बांधावर सकाळी पिशवीचं तोंड सोडून कुणीतरी आतले पतंग हातावर ओततं आणि मोजतं. पाच, सहा, सात.